छप्पर नसलेला देव

वर बघा. आमच्या गांगोदेवाला चार भिंती आहेत, पण छप्पर नाही. डोक्यावर आहे ते हे बेहड्याचे झाड. पत्रे घालून देतो म्हणणारे पाहुणे दरवर्षी भेटतात. त्यांना मी आधी खाली बसवतो.

असे सांगतात की, भिंती उभ्या राहिल्या तेव्हा तुळईसाठी इथलाच एक जुना किंजळ वृक्ष पसंत केला. रीतीप्रमाणे देवाला कौल लावला, देवाने उजवा दिला, म्हणजे होकार. धाकू सुताराने कुऱ्हाड घातली. एक धनेश पक्षी चोचीत फळ धरून सारखा त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत होता. अपशकुन नको म्हणून लोकांनी दगड मारून त्याला हाकलले.

झाड पडले, खोडातली ढोली फुटली. आत धनेशाची मादी होती, ढोलीचे तोंड लिंपून, पंखांची पिसे गाळून पिल्लावर बसलेली. पिल्लू चिरडले होते. तिला उडता येत नव्हते. नर परत आला आणि फुटक्या ढोलीपाशी फळ ठेवून बसून राहिला, म्हणे.

धाकूची बायको आवडी तेव्हा बाळंतीण होती. कालवा ऐकून ती मूल पदराखाली घेऊन बाहेर आली.

"देवाक इचारलास," ती म्हणाली. "आतल्या बाळंतिणीक इचारलास?"

देवाने उजवा दिला होता, हेच कोणाला सोसवेना. "धनेश पुन्ना हय घर करीसर देवाक छप्पर नाय," धनेश परत येईपर्यंत छप्पर नाही, असा नवस बोलून धाकूने भिंतींच्या आत बेहडा लावला. बेहड्याचे लाकूड घराला कोणी घेत नाही, म्हणून बेहडाच. ढोली पडायला पिढ्या जातात हे ठाऊक असून त्याने जन्मभर पाणी घातले. तो गेला, त्याची नातवंडेही गेली.

पुढे गावाला छपराची घाई झाली. बेहडा तोडायचा ठरला. पुन्हा कौल, पुन्हा उजवा. पण तोवर आवडीच्या बोलण्यावरून एक रीत पडली होती, कुऱ्हाड घालण्याआधी लेकुरवाळीने खोडाला कान लावायचा. सुताराच्याच घरातली सून पुढे झाली. कान लावला आणि ती झटकन मागे सरली.

"आत कोणतरी आसा."

लोकांनी वर पाहिले. फांदीवर धनेशाचा नर बसला होता, चोचीत फळ घेऊन. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

तेव्हापासून आमच्याकडे झाड तोडायचे तर आधी कान आणि मग कौल. धाकूचा नवस कधीच फिटला. पण छप्पर घालायचे तर वरच्या बाळंतिणीला उठवावे लागेल, आणि ते तिला सांगायला अजून कोणी पुढे आलेले नाही.