सुताराची ओसरी आणि जास्तीची खुर्ची

फार पूर्वी, अमेरिकेत घोडागाड्या मागे पडून मोटारी नुकत्याच धावू लागल्या होत्या तेव्हा, तिथल्या एका लहानशा गावात एक सुतार राहत होता. गावातल्या बहुतेक घरांच्या ओसऱ्या त्याच्याच हातच्या. लाकडी, ऐसपैस, रस्त्याकडे तोंड केलेल्या आणि म्हाताऱ्या माणसालाही सहज चढता येईल अशा बेताच्या.

त्या गावाची एक रीत होती. घरात जेवढी माणसं, त्याहून एक खुर्ची ओसरीवर जास्त ठेवायची. ती खुर्ची येणाऱ्या-जाणाऱ्याची. तिच्यावर कुणी येऊन टेकलं, तर "काय काम काढलंत?" असं विचारायचं नाही. घरची बाई मटार सोलत असली, तर आलेलीने न सांगता मूठभर शेंगा आपल्या मांडीवर घ्यायच्या. सोलता सोलता बोलायचं आणि टोपली रिकामी झाली की उठायचं. कुणाचं दुखणं, कुणाचं जमलेलं लग्न, कुणाचा कुणाशी अबोला, गावाला सगळं त्या ओसऱ्यांवरच कळायचं.

सुताराची बायको गुडघ्यांनी अधू होती. घरातून ओसरीपर्यंत भिंतीला धरून यायची, त्यापुढे नाही. पण तिचं त्यावाचून काही अडत नसे, कारण गावच तिच्याकडे यायचं. पलीकडच्या गल्लीतल्या पाववाल्याची बायको तर रोज संध्याकाळी हजर. सुतार स्वतः मात्र त्या ओसरीवर कधी बसला नाही. त्याला लोकांच्या ओसऱ्या बांधायच्या होत्या ना.

मग देशात तेजी आली. गावाबाहेर मोठा कारखाना उभा राहिला, सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजू लागला. लोकांच्या हातात कधी नव्हे एवढा पैसा खेळू लागला. रस्ता रुंद झाला. मुलींनी केस कापले, झग्यांची लांबी कमी झाली. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग गुपचूप रेडिओ विकत घेतले. यात वाईट काय होतं, असं विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. उपाशी कुणी राहिलं नाही, पोरांच्या पायात धड बूट आले.

घरोघरी मोटार आली आणि तिला छप्पर हवं झालं. घर आणि रस्ता यांच्या मधे जागा होती ती ओसरीचीच. पहिल्यांदा पाववाल्याने सुताराला बोलावलं.

"एवढी ओसरी काढून टाक," तो म्हणाला, "आणि तिथे मोटारीसाठी खोली बांध."

"आणि लोक आले तर?" सुताराने विचारलं.

"आता कोण येतंय? सगळ्यांना कामं आहेत. ती जास्तीची खुर्ची हवी तर तू घेऊन जा. सरपणाला होईल."

सुताराने खुर्ची सरपणात घातली नाही. आपल्याच हातची होती. त्याने ती घरामागच्या पडवीत नेऊन ठेवली. मग न्हाव्याची ओसरी निघाली, मग दवाखान्याची, मग शाळेच्या बाईंची. काम एवढं आलं की सुताराला जेवायला फुरसत नव्हती. कधीकाळी स्वतःच ठोकलेले खिळे उपटताना त्याच्या खांद्यांत कळा यायच्या. बांधताना तो कधी एवढा दमला नव्हता. पडवीत खुर्च्यांवर खुर्च्या चढत गेल्या.

होता होता गावात एकच ओसरी उरली, सुताराची. लोक येता-जाता त्याला टोचू लागले. "आमच्या काढल्यास आणि तुझी ठेवलीस? म्हणजे आम्ही चुकलो म्हणायचं का?" सुतार दमला होता. दमलेल्या माणसाला वाद नको असतो. शिवाय त्याच्या मनात आलं, आपल्याकडे मोटार असली तर बायकोला कुठेही नेता येईल, बिचारी वर्षानुवर्षं एका जागी बसून असते.

त्याने बायकोला विचारलं, "आपणही मोटार घेऊया का गं? तुला फिरवीन."

"कुठे फिरवणार?"

"म्हणशील तिथे."

"पण मला कुठे जायचंच नाहीये, अहो. सगळी इथेच येतात."

"हल्ली कोण येतं?"

यावर ती गप्प बसली, कारण खरोखरच येणं कमी झालं होतं. पाववाल्याची बायकोही आता चार-आठ दिवसांतून एकदा यायची, तीही घाईत. सुताराला तिचं गप्प बसणं म्हणजे होकार वाटला. त्याने ओसरी उतरवली, मोटारीची खोली बांधली आणि बायकोची खुर्ची मागच्या खोलीत रेडिओजवळ नेऊन ठेवली.

सुट्टीच्या दिवशी तो तिला मोटारीतून फिरवायला लागला. गावातली सगळीच आपापल्या मोटारींतून फिरत असायची. काचेआडून लोक हात हलवायचे, सुताराची बायकोही हलवायची. तेवढ्यात मोटार पुढे जायची. शाळेच्या बाई दिसल्या की ती म्हणायची, "वाळल्यासारख्या वाटतात, नाही? काय झालं असेल?" सुताराचं लक्ष रस्त्यावर असायचं. तो "हं" म्हणायचा.

एके दिवशी सुतार कामावरून जरा लवकर घरी आला. मागच्या खोलीतून बायकोचा आवाज येत होता. त्याला बरं वाटलं, कुणीतरी आलं म्हणायचं. दारात जाऊन पाहतो तो खोलीत ती एकटीच. रेडिओवरचा माणूस "नमस्कार मंडळी" म्हणाला आणि ती त्याला म्हणत होती, "या, बसा. आज उशीर झाला तुम्हाला." समोर तिने मटारची टोपली ठेवली होती आणि पलीकडे एक रिकामं भांडं, पाहुण्याच्या वाटणीचं.

सुतार दारातूनच मागे फिरला. पडवीत खुर्च्यांच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. आपण काय काढून घेतलं ते त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने मोटार विकली. तिची खोली पाडली. त्याच जागी पूर्वीपेक्षा रुंद, पूर्वीपेक्षा मजबूत ओसरी बांधली. लाकूड उत्तमातलं घातलं, पायऱ्या आणखी बुटक्या केल्या. मग पडवीतल्या साऱ्या खुर्च्या काढून, पुसून, ओसरीवर ओळीने मांडल्या. बायकोला हाताला धरून बाहेर आणलं.

"अगंबाई, एवढ्या कशाला?" ती म्हणाली.

"येतील सगळी," सुतार म्हणाला.

ती टोपली घेऊन बसली. संध्याकाळ झाली, कारखान्याचा भोंगा झाला, मोटारींची रांग समोरून गेली. काहींनी हॉर्न वाजवला, काहींनी हात केला. एकाने तर ओरडून ओसरी झकास झाल्याचंही सांगितलं. थांबलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, त्यानंतरही तेच. रस्त्यावरून आता पायी कुणी जातच नव्हतं. कुणी रागावलं नव्हतं की कुणाचं भांडण नव्हतं, थांबायची सवय तेवढी गेली होती.

एका संध्याकाळी मात्र पाववाल्याची मोटार नेमकी ओसरीसमोर पंक्चर झाली. पाववाला चाकाशी खटपट करू लागला. त्याची बायको जराशी अवघडून उभी राहिली आणि मग पायऱ्या चढून वर आली. बसली. थोड्या वेळाने तिचा हात आपोआप टोपलीकडे गेला. हाताला अजून आठवत होतं.

"घरी सगळं बरं ना?" सुताराच्या बायकोने विचारलं.

"बरं आहे. थंडीत आई गेली."

सुताराच्या बायकोचे हात थांबले. पूर्वी अशी बातमी गावात पहिल्यांदा तिला कळायची. "मला कुणी सांगितलंही नाही," ती म्हणाली.

"सांगायला कुठे भेटणार? सगळं भराभर उरकलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं."

"रडलीस तरी का?"

पाववाल्याच्या बायकोने शेंग उघडता उघडता वर पाहिलं. "कुठे बसून रडणार?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

सुताराच्या बायकोने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. चाक बसलं होतं. पाववाल्याची बायको झटकन उठली, डोळे पुसले, अर्धवट उघडलेली शेंग खुर्चीवर ठेवली.

"येईन पुन्हा," ती म्हणाली.

"ये," सुताराची बायको म्हणाली.

मोटार निघून गेली. सुतार इतका वेळ दारात उभा होता. तो बाहेर आला आणि ती शेंग उचलून त्या खुर्चीवर बसला. उभ्या आयुष्यात तो ओसरीवर पहिल्यांदाच बसत होता. शेंगेकडे बघत त्याने विचारलं, "ही कशी सोलतात?"

"असा अंगठा घाला," बायको म्हणाली. त्याने घातला. दाणे निम्मे जमिनीवर सांडले. त्याने ते लगेच उचलले नाहीत. अंधार पडेपर्यंत दोघं बसून राहिली. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवशी सुताराने त्या पुन्हा पुसून मांडल्या.

तात्पर्य सांगायचंच तर एवढं: ओसरी एक सुतार पाडू शकतो आणि पुन्हा बांधूही शकतो, पण एकमेकांकडे येऊन बसायची मोडलेली सवय कुणालाही एकट्याने जोडता येत नाही. तेव्हा बरे दिवस आले की घरात हवं ते नवं आणा, फक्त दुसऱ्यासाठी ठेवलेली जागा त्या नव्यासाठी मोकळी करू नका.