पैलवान आणि त्याची गप्प मुलगी

एका डोंगराखालच्या गावात एक पैलवान राहत होता. सात वर्षांत कुणी त्याची पाठ मातीला लावली नव्हती. बाहेर गाव त्याला मान द्यायचं आणि घरात सगळं त्याच्याच मर्जीने चालायचं. म्हशीचं दूध त्याचं, बदाम त्याचे, अंगणातली सावलीसुद्धा त्याचीच. दुपारी तो झोपला की बायको भांड्याला भांडं लागू देत नसे. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी होती, सगुणा. ती घरात टाचा उचलून चालायची. पैलवानाला वाटायचं, पोर मोठी गुणाची आहे.

एकदा बायकोच्या माहेरून निरोप आला, तिच्या आईने अंथरूण धरलं होतं. वाटेतली नदी भरून वाहत होती, त्यामुळे लेकीला सोबत नेता येईना.

"पंधरा दिवस हिला सांभाळा," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्यात काय सांभाळायचं? ती कुठे त्रास देते?" पैलवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तापवलेल्या दुधाचा तांब्या तोंडाला लावून बसला होता. सगुणा समोर उभी राहून बघत होती.

"काय गं, काय बघतेस?"

"तुमचं झालं की तांब्याला लागलेली साय मी खाते," ती म्हणाली.

पैलवानाने तांब्या खाली ठेवला. आत दोनच घोट उरले होते. ते त्याने तिला दिले आणि तो तालमीत निघून गेला. त्या दिवशी बैठका मारताना त्याची मोजणी सारखी चुकत राहिली.

आठवड्याने जत्रा आली. यंदा चांदीच्या गदेची कुस्ती होती. नेमक्या त्याच सकाळी सगुणाचं अंग तापाने फणफणलं. शेजारची म्हातारी हौसाबाई तिला बघून म्हणाली, "गोवर आहे. पण तुम्ही जा, मी बसते हिच्यापाशी. सगळं गाव तुमची वाट बघतंय."

पैलवानाने लंगोटाची पिशवी काखेत मारली. तेवढ्यात सगुणाने डोळे उघडले.

"जा तुम्ही. मी रडणार नाही. आवाज झाला की तुम्हाला त्रास होतो ना."

पैलवान दारातच थांबला. पोर गुणाची म्हणून गप्प नव्हती, ती आपल्याला भीत होती, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याने पिशवी खुंटीला अडकवली आणि तो तिच्या उशाशी जाऊन बसला.

आखाड्यात त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. हलगीचा आवाज घरापर्यंत येत होता. त्याचे हातपाय शिवशिवले. एकदा तर तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. गदा दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. "घाबरला पैलवान," असं रस्त्याने जाणाऱ्यांचं बोलणंही त्याने ऐकलं.

त्या दिवसांत तो ओल्या पट्ट्या ठेवायला शिकला, पेज करायला शिकला. पहिल्या दिवशीची पेज करपली. सगुणाने गोष्ट मागितली तेव्हा त्याला एकही येत नव्हती. मग त्याने आपण कुणाकुणाला कसं चीत केलं ते सांगितलं. तिसऱ्या कुस्तीला तिला झोप लागली.

पाचव्या दिवशी ताप उतरला. पैलवान काढा घेऊन आला तर सगुणाने वाटी ढकलून दिली आणि ती अशी ओरडली, की हौसाबाई धावत आली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही," पैलवान म्हणाला. "ओरडू द्या तिला."

बायको परत आली तेव्हा चुलीपाशी दुधाचे तीन पेले भरलेले होते. तिने त्यातला एक पेला उचलला.

पुढच्या वर्षी तो पुन्हा आखाड्यात उतरला. समोरचा गडी तरुण होता. त्याने पैलवानाला उचलून असा आपटला, की काही वेळ तो उठलाच नाही. लोक तरुणाला खांद्यावर घेऊन नाचायला लागले. पैलवान अंगाची माती झटकत बाहेर आला. गर्दीतून वाट काढत सगुणा त्याच्याजवळ आली.

"बाबा, पडलात तुम्ही."

"हो, पडलो."

"लागलं का?"

इतक्या वर्षांत लोकांनी त्याला कुणाला पाडलं हे विचारलं होतं, कोणत्या डावाने पाडलं हेही विचारलं होतं. हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. पैलवान खाली बसला आणि त्याने तिला आपला खरचटलेला कोपर दाखवला.

तात्पर्य: घरची माणसं गप्प आहेत म्हणजे ती सुखात आहेत असं समजू नये. ज्याच्यापाशी मूल मोकळेपणाने रडू शकतं, तोच खरा बाप.