मेपलची मऊ बिस्किटं

"मग माझ्यात कमी काय आहे, ते तरी सांगा भन्तेजी."

संघपालनं हे विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत मैद्यानं माखले होते. ओट्यावर लोणी होतं, साखर होती आणि मेपलच्या पाकाची एक बाटली होती.

भन्ते शीलकीर्ती खिडकीशी बसले होते. बाहेर मेपलची झाडं लालभडक झाली होती. त्यांनी आधी झाडांकडे पाहिलं, मग संघपालकडे.

"कमी आहे असं मी कधी म्हटलं?"

"मग दीक्षा का देत नाही?"

भन्ते पुन्हा झाडांकडे बघू लागले...

हा विहार कॅनडातल्या एका लहान गावात आहे. लाकडी घर, वर एक खोली, खाली स्वयंपाकघर. भन्ते मूळचे भंडाऱ्याकडचे. संघपाल गजभिये नागपूरचा. टोरोंटोच्या एका मोठ्या हॉटेलात तो केक-पेस्ट्री करायचा. ती नोकरी सोडून तो इथं राहायला आला होता, आणि तीन महिने नियमात राहण्याचा वर्षावास संपला की आपल्याला श्रामणेर दीक्षा, म्हणजे भिक्खूपणाची पहिली पायरी, मिळालीच पाहिजे, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. वर्षावास आता संपला होता. उद्या चीवरदान, म्हणजे भिक्खूला वस्त्र देण्याचा कार्यक्रम होता.

माणूस नियमाचा पक्का, याबद्दल वाद नाही. एक वेळ जेवायचा, फरशीवर झोपायचा, सगळ्यांच्या आधी उठायचा. आणि जरा उशिरा उठणाऱ्याकडे असा बघायचा की त्या बिचाऱ्याला अंथरुणाचीच भीती वाटावी. नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला तर उचलायचा नाही. हे बंधन आहे म्हणायचा.

भन्तेंनी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शेजारच्या मार्गारेटबाईंचं म्हणणं तेवढं सांगितलं. बाई खूप म्हाताऱ्या, दात बहुतेक गेलेले. मेपलचा पाक त्यांच्याच अंगणातल्या झाडांच्या रसाचा, त्यांनीच उद्याच्या कार्यक्रमासाठी दिलेला. त्यांची आई पानगळीच्या दिवसांत या पाकाची मऊ बिस्किटं करायची आणि वर साखरेचा थर द्यायची. तशी एकदा खायला मिळावीत, एवढीच बाईंची इच्छा होती.

"त्यांना उद्या खाऊ घाल," भन्ते म्हणाले. "मग आपण तुझ्या दीक्षेचं बोलू."

"कुकीज म्हणतात त्यांना, भन्तेजी. बिस्किटं कडक असतात."

"बरं. कुकीज."

संघपालचा चेहरा खुलला. दीक्षेच्या आड एवढंच येत असेल, तर ती मिळाल्यातच जमा होती.

थोड्या वेळानं मार्गारेटबाई स्वतः मागच्या दारानं डोकावल्या. आईची रीत सांगून गेल्या. मधोमध कच्ची दिसतात तोवरच भट्टीतून काढायची, उरलेली भाजणी बाहेर तापल्या पत्र्यावर होते. संघपालनं हसून मान डोलावली. ते हसू ऐकून घेणाऱ्याचं होतं, मानणाऱ्याचं नव्हतं. अर्धवट भाजलेली वस्तू त्याच्या हातून कधी बाहेर गेली नव्हती. कुकीज सगळीकडून सारख्या तांबूस झाल्या तेव्हाच त्यानं त्या काढल्या.

मग तो साखरेच्या कामाला लागला. लोणी आणि पाक उकळला, त्यात चाळलेली पिठीसाखर घोटली, आणि बारीक तोंडाच्या कागदी कोनानं एकेका कुकीवर धम्मचक्र काढलं. आऱ्या अशा की पट्टी लावून काढल्यात. खरं सांगायचं तर डोळ्यांचं पारणं फिटावं असं काम होतं. शेवटच्या चक्राची एक आरी जरा तिरकी गेली, तर त्यानं सगळं चक्र खरवडून पुन्हा काढलं.

ताटली घेऊन तो वर भन्तेंच्या खोलीत गेला तेव्हा घड्याळाचा काटा बारावरून पुढं सरकला होता.

"एक खाऊन बघा, भन्तेजी."

"बारा वाजून गेले."

"आत्ताच वाजलेत. मिनिटभर झालं असेल."

"गेले ना?"

दुपारनंतर भिक्खू खात नाही, हे संघपाल आल्यागेल्याला सांगायचा, आणि आज भन्तेंनाच आग्रह करत होता. त्याचे कान लाल झाले. स्वतः चाखायचीही सोय नव्हती. त्याचं एक वेळचं जेवण उरकलं होतं.

भन्तेंनी एक कुकी उचलली आणि खिडकीच्या चौकटीवर हळूच आपटली.

टक्क.

"बाईंना खायला द्यायची, की त्यांचं दार ठोकायला?"

संघपालनं अंगठ्यानं एक दाबून पाहिली. दुसरी दाबली. मग भराभर सगळ्या. एकही दबली नाही. भट्टीच जुनी आहे म्हणाला, इथला मैदा वेगळा पडतो म्हणाला, लोणी जास्त गार होतं म्हणाला. भन्तेंनी सगळं ऐकून घेतलं. बाटलीतला पाक संपला होता. झाडं पुन्हा पाझरायची ती थेट हिवाळा सरताना. आणि बाई उद्या सकाळी येणार होत्या.

"आता काय करू?" हे मात्र त्यानं अगदी हळू विचारलं. खरोखर घाबरला होता तो.

भन्तेंच्या सकाळच्या दानातली ब्रेडची एक स्लाइस ताटात उरली होती. साधी, पांढरी, मऊ.

"हिचा मला आता उपयोग नाही. कुकीज डब्यात भर, वर ही ठेव, आणि झाकण घट्ट लाव."

"ही युक्ती मला ठाऊक आहे, भन्तेजी. पण हॉटेलात असलं काही करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही."

"आज आली."

"ब्रेडची ओल कुकीजमध्ये उतरेल. आऱ्या पसरतील. चक्र ओळखूसुद्धा येणार नाही."

"न येऊ दे."

संघपाल डबा धरून उभा राहिला... मग त्यानं स्लाइस आत ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहार माणसांनी भरला. पंचशील झालं. लोकांनी आणलेलं चीवर घडी घालून भन्तेंपुढच्या चौरंगावर ठेवलं. मार्गारेटबाई जाड कोट घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या.

संघपालनं डबा उघडला. चक्रं विरघळली होती. आऱ्या एकमेकींत मिसळून नुसता साखरेचा थर उरला होता. कालची सगळी मेहनत पाण्यात गेली, असं वाटून त्याला अगदी वाईट वाटलं. पण बाई वाट बघत होत्या. त्यानं ताटली पुढं केली.

बाईंनी एक कुकी उचलून दाढेखाली धरली. ती आवाज न करता तुटली. त्यांनी सावकाश ती सगळी खाल्ली, बोटाला लागलेली साखर चाटली, आईची जरा गोड असायची म्हणाल्या, आणि दुसरी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. आपण कुठं बसलोय, हे त्या क्षणभर विसरल्या असाव्यात.

भन्तेंच्या पात्रातही एक वाढली. त्यांनी ती खाल्ली.

"चांगली झाली," ते म्हणाले.

झालं. संघपाल पुन्हा ताठ झाला. पाक किती उकळावा, साखर कशी घोटावी, हे तो आजूबाजूच्यांना सांगू लागला. इतक्या मऊ कशा राहिल्या, असं कुणीतरी विचारलं. ती आपल्या धंद्यातली जुनी युक्ती आहे, असं त्यानं खुशाल सांगून टाकलं. भन्ते जवळच बसले होते. त्यांना ते ऐकू गेलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

ताटली रिकामी झाल्यावर तो भन्तेंपुढं गुडघ्यांवर बसला, हात जोडले.

"आपण म्हणाला होतात, बाईंना खाऊ घाल. खाऊ घातलं. वर्षावास पाळला, एक नियम मोडला नाही. चीवर समोर आहे. आता तरी दीक्षा द्या, भन्तेजी."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मार्गारेटबाईंना मराठी कळत नव्हती, पण त्याही खायच्या थांबल्या.

"तो ब्रेड कुठं आहे?" भन्तेंनी विचारलं.

"ब्रेड? तो टाकायला काढून ठेवलाय."

"आण."

संघपाल उठून स्वयंपाकघरात गेला आणि स्लाइस घेऊन आला. ती वाळून कडक झाली होती, कडा वर वळल्या होत्या. भन्तेंनी ती हातात घेतली.

"काल कशी होती?"

"मऊ."

"आणि तुझ्या कुकीज?"

संघपालनं रिकाम्या ताटलीकडे पाहिलं.

भन्तेंनी ती स्लाइस चौरंगावरच्या चीवरावर अलगद ठेवली.

"दीक्षा आज खरं तर हिला द्यायला पाहिजे," ते म्हणाले. "पण ही मागायलाच आली नाही."