सिस्टर, हात!

"मग मी कमी कुठे पडले, सिस्टर?"

प्रणोतीच्या आवाजात रुसवा होता, आणि तिचा रुसवा अगदीच खोटा नव्हता. जंतुसंसर्ग कसा टाळायचा, या परीक्षेत सगळ्या रुग्णालयात ती पहिली आली होती. हात धुण्याच्या सहा पायऱ्या तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी घडाघडा येत. तरीही नवजात बाळांच्या खोलीची जबाबदारी तिच्याकडे द्यायला साळवे सिस्टर तयार नव्हत्या.

साळवे सिस्टर महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. तीस वर्षं त्यांनी या खोलीत ओंजळीत मावतील अशी बाळं जगवली. प्रणोतीलाही त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. म्हणून तर तिला जास्त लागलं होतं.

"तुला सगळं येतं गं," सिस्टर म्हणाल्या.

"मग?"

सिस्टर वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. लिहिता लिहिता पेन निसटलं, जमिनीवर पडलं. त्यांनी वाकून उचललं, खिशाला लावलं आणि तोच हात काचेच्या पेटीच्या दाराकडे नेला. आत चार दिवसांचं, अकराशे ग्रॅमचं बाळ झोपलं होतं. एवढ्याशा जिवाला दुखणं यायला कितीसं निमित्त लागतं!

प्रणोतीला सगळं दिसलं. पण जीभ टाळूला चिकटली. त्यांना का कळत नसेल? आणि त्यांना शहाणपण शिकवणारे आपण कोण?

सिस्टरांचा हात हळूहळू दाराकडे जात होता. नजर मात्र दारावर नव्हती, प्रणोतीवर होती.

"ओ शिस्टर! हात!"

फरशी पुसणारी गयामावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "आत्ता खाली पडल्यालं उचललंत की! जावा, धुऊन या आधी."

"चुकलं गं बाई," म्हणत सिस्टर निमूट बेसिनकडे गेल्या. सहाच्या सहा पायऱ्या केल्या, एकही गाळली नाही.

"प्रणोती, तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आमची गया तिसरी नापास आहे."

"त्ये कशाला सांगायचं समद्यांस्नी?" गयामावशी फणकारली.

प्रणोतीचे कान तापले. "पण सिस्टर... तुम्हाला कसं टोकायचं? तुम्ही माझ्या गुरू."

"मला कशाला सांगतेस?" सिस्टरांनी मानेनेच पेटीकडे खूण केली. "त्याला सांग."

प्रणोतीने पेटीत पाहिलं. बाळाची छाती चिमणीच्या पिलासारखी धडधडत होती. आपण आपली भीड राखली, आणि त्याची किंमत याने मोजली असती... तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

यंत्राची बारीक टिकटिक तेवढी चालू होती.

सिस्टरांना तिची दया आली. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली पोर, तिला असं रडवलं म्हणून त्यांनाच चुटपुट लागली. कागदाने हात कोरडे करत त्या जवळ आल्या.

"पूस डोळे, वेडी कुठली. मीसुद्धा तुझ्या वयाची असताना मोठ्या डॉक्टरांपुढे अशीच तोंड शिवून उभी राहायचे. ये, याचे पाय गार पडलेत का बघू."

बोलता बोलता त्यांनी नाकावरून घसरलेला चष्मा बोटाने वर सारला आणि हात दाराकडे नेला.

"सिस्टर, हात!"

आवाज इतका मोठा निघाला की पलीकडची दोन बाळं दचकून रडायला लागली. गयामावशीच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. प्रणोती स्वतःच घाबरून थिजली. पण पेटी आणि सिस्टर यांच्या मध्ये ती येऊन उभी राहिली होती, आणि बाजूला झाली नाही.

सिस्टर जागच्या जागी थबकल्या. आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग बेसिनपाशी गेल्या.

नळ बराच वेळ वाहत होता.

"पोरी..." पाठमोऱ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "या वेळी मी मुद्दाम नव्हतं केलं."