ठशाने वाचलेलं नाणं

जुनी गोष्ट आहे. देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून टांकसाळीत खास नाणी पाडली. शेवटचं नाणं पडलं आणि ते उमटवणाऱ्या पोलादी ठशापुढे हातोडा येऊन उभा राहिला.

"नियम आहे, बाबा. असं नाणं पुन्हा निघू नये म्हणून तुला फोडायचं."

"फोड. पण माझ्या अंगावर काय कोरलंय ते तरी सांग," ठसा म्हणाला. "सगळी अक्षरं उलटी. मला कधी वाचताच आली नाहीत."

हातोड्यालाही वाचता येईना. तेव्हा ते शेवटचं, अजून गरम असलेलं नाणं ठशासमोर सरकलं. ठशाने एकेक अक्षर लावत वाचलं, "स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं."

"एवढी मोठी गोष्ट मी लाखो वेळा सांगितली?" तो पुटपुटला. त्याची नजर हटेना. हातोडाही जागचा हलेना.

शेवटी ठसाच म्हणाला, "घाल आता घाव. फक्त जपून, नाण्याला लागू देऊ नकोस."