काढ्याचा चौथा हिस्सा

राजा रणधवलाने नवा कर बसवला, तोही काढ्यावर आणि पाळण्यावर! राजवाड्यातल्या नोकरांना दोन सोयी फुकट होत्या. आजारी पडलं तर राजवैद्यांचं औषध आणि कामाच्या वेळी पोरं सांभाळायला पाळणाघर. दिवाण त्रिंबकपंतांच्या डोक्यात आलं, हाही नोकरांचा लाभच की! मग त्यावर कर नको? असल्या कामात पंतांचं डोकं भारी चाले.

दवंडी पिटली गेली, "जसा लाभ, तसाच कर! मिळालेल्या लाभाचा चौथा हिस्सा उद्या सकाळी दरबारात हजर करा. नाहीतर दवाखाना बंद, पाळणाघर बंद!"

पागेत घोड्यांना दाणावैरण घालणाऱ्या येसूने दवंडी ऐकली. तिची मैनी आठ महिन्यांची, घरी दुसरं माणूस नाही. पोरीला काय घोड्यांच्या पायांत निजवायची? ती तडक राजाकडे गेली.

"महाराज, प्यालेल्या काढ्याचा हिस्सा कसा आणायचा?"

"ते तुझं तू बघ!" राजाने मिशीला पीळ दिला. "चौथा हिस्सा म्हणजे चौथा हिस्सा!" हट्टात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी येसू दरबारात आली. कडेवर मैनी, हातात वाटी, कमरेला बांधलेलं छोटं मडकं.

"महाराज, खोकल्यासाठी वैद्यबुवांनी चार घोट काढा दिला. तीन मी प्याले. हा चौथा आपला. घ्या!"

राजाची पंचाईत झाली, पण शब्द तो शब्द! त्याने डोळे मिटून घोट घेतला आणि त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की भालदारांनी माना फिरवल्या.

"आता ही मैनी. पाळणाघरात हिला रोज चार प्रहर सांभाळतात. त्यातला एक आपला!" येसूने पोर सरळ राजाच्या मांडीवर ठेवली. मैनीने आधी मिशी ओढली, मग भोकाड पसरलं आणि शेवटी जरीचा शेला ओला केला.

"दिवाणजी, धरा हिला!" राजा ओरडला.

"छे छे, महाराज! कर आपला, मी कसा घेऊ?" पंत दोन पावलं मागे सरले.

येसूने कमरेचं मडकं पुढे केलं. "पहारेकरी भिकोबांचा हिस्साही आणलाय. त्यांच्या गुडघ्याला आठ जळवा लावल्या होत्या. त्यातल्या दोन..."

"थांब!" राजाने पाय वर घेतले. "अगं, याला का लाभ म्हणायचा?"

"मी कुठं म्हटलं, महाराज? औषधानं माणूस होता तसा होतो, वर काय कमावतो? कर हवाच असेल तर आधी आमच्या दुखण्याचा चौथा हिस्सा घ्या, मग औषधाचा!"

राजा असा खदखदून हसला की मैनीही रडायची थांबून हसू लागली.

"कर रद्द! दवाखाना चालू, पाळणाघरही चालू! आणि येसू, आजपासून पाळणाघराची कारभारीण तू!"

"आणि महाराज, आपल्या हिश्श्यातला मैनीचा उरलेला प्रहर?"

राजाने ओला शेला झटकला आणि पोर उचलून पुढे धरली.

"तो दिवाणजी भरतील!"