टांगलेली कोरफड आणि टाक्याचा राखणदार

दारावर उलटी टांगलेली कोरफड तुम्ही पाहिली आहे काय? मुळे वर, पाती खाली. ना माती, ना पाणी. तरीही ती महिनोन्महिने हिरवी राहते आणि तिच्या पातींची टोके हळूहळू आकाशाकडे वळतात. हे पाहून माणसाने काय शिकावे? उत्तराची घाई करू नका. एका गावाने ती केली होती.

ते गाव डोंगरमाथ्यावर होते. देवळामागे खडकात खोदलेले टाके, एवढेच गावाचे पाणी. खाली ओढा वाहत असे. पण चढण अशी, की भरली घागर वर आणताना तरण्या माणसाचाही अर्धा दिवस जाई. टाक्याच्या पाण्याने देवाला स्नान घडे, म्हणून राखणदाराखेरीज कोणी त्याच्या पायऱ्या उतरू नयेत, असा रिवाज होता. किल्ली राखणदाराकडे असे. उन्हाळ्यात तो घरटी रोज दोन घागरी पाणी काढून देई.

टाक्याचे दार वर्षातून एकदाच, वैशाखातल्या जत्रेला, सर्वांना पाहण्यासाठी उघडत. एका वर्षी पाऊस कमी झाला आणि त्या दिवशी टाके तळाला गेलेले दिसले. परगावचे पाहुणे हसले. ते हसू राखणदाराच्या मनात रुतून बसले. पुढच्या जत्रेला टाके काठोकाठ दिसलेच पाहिजे, असे त्याने ठरवले.

दिवाळीच्या अमावास्येला, दृष्ट लागू नये म्हणून, त्याने देवळाच्या दारावर कोरफड टांगली होती. फाल्गुनात तिला फुलाचा दांडा फुटला. राखणदाराने गाव गोळा केले.

"पाहा," तो म्हणाला, "चार महिने हिला पाण्याचा थेंब नाही. तरी कुरकुर नाही, उलट फुलते आहे. आणि तुम्हाला दोन घागरी पुरत नाहीत! आजपासून घरटी एक."

लोक गोंधळले. कोरफड तर डोळ्यांसमोर हिरवी होती. नाही कसे म्हणावे?

"बुवा म्हणतात ते खरे असावे," एक जण म्हणाला.

"मग मला तहान का लागते?"

"श्रद्धा कमी पडत असेल."

"श्रद्धेने घसा ओला होतो?"

"मला काय विचारतोस? त्या कोरफडीला विचार."

गावात एक कुंभारीण होती. मुलगा मडकी विकायला दूर देशावर गेलेला. घरी बाळंतीण सून आणि अकरा दिवसांचे मूल. पाण्यावाचून चाक थांबले, ते तिने सोसले. पण सुनेचे दूध आटू लागले, तेव्हा ती राखणदाराकडे गेली.

"बुवा, माझ्यासाठी मागत नाही. मूल रात्रंदिवस रडते आहे. एक घागर जास्त द्या."

"काकी, वर बघा. हिला कोणी पाजले?"

"ती कोरफड आहे, बुवा. माझी सून माणूस आहे."

"देवाच्या दारात वाद घालू नये. झाडाला जमते ते माणसाला जमत नसेल, तर उणेपण कोणात?"

उणेपण आपल्यातच असावे, असे कुंभारणीला वाटू लागले. ती आपला वाटा सुनेला पाजू लागली.

"आई, तुम्ही प्यालात?" सून विचारी.

"प्याले की. तुझ्याआधीच प्याले."

पाचव्या दिवशी ती देवळात गेली. कोरफडीकडे पाहत हात जोडून म्हणाली, "देवा, हिच्याजवळ आहे ते माझ्याजवळ का नाही?" एवढे बोलून ती पायरीवर कोसळली.

त्याच वेळी एक म्हातारा वैदू औषधासाठी कोरफड शोधत तिथे आला. त्याने कुंभारणीला सावलीत घेतले, आपल्या तुंब्यातले पाणी घोटघोट पाजले. तिने डोळे उघडले. लोक जमले, राखणदारही आला. काय घडले ते वैदूने ऐकून घेतले. मग त्याने बांधावरच्या कोरफडीची एक पात कापून आणली आणि दुसरी दारावरच्या कोरफडीची कापली.

बांधावरची पात दाबताच गर ओघळला. दारावरच्या पातीत सालीला साल चिकटलेली होती.

"ही टांगली तेव्हा हिच्या पोटातही एवढाच गर होता," वैदू म्हणाला. "पावसाने पाजलेले ती पुरवून पुरवून खाते आहे. हिला तहान नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले?"

"पण ती तग धरून आहे ना?" राखणदार म्हणाला.

"आहे. स्वतःच्या साठ्यावर. शेजारणीची मुळे तोडून नव्हे. बुवा, तुम्ही रोज किती घागरी घेता?"

"मी सेवेकरी. मला सोवळ्याचे स्नान असते."

"किती?"

राखणदाराने मान खाली घातली. "चार."

मग पंचांनी देवाची क्षमा मागून कुलूप काढले आणि ते पायऱ्या उतरले. बारा पायऱ्यांपैकी नऊ पाण्याखाली होत्या. घरटी दोन घागरी दिल्या, तरी मृगापर्यंत पुरून उरेल इतके ते पाणी होते. आपण कशावर विश्वास ठेवला होता, हे कोणालाच नीट सांगता येईना.

कोरफडीने खोटे सांगितले नव्हते. तिचा अर्थ लावणारा चुकला होता. घ्यायचा बोध एवढाच: चिवटपणा हे व्रत आहे, ते स्वतः आचरावे, दुसऱ्यावर लादू नये. आणि धीर धरायला सांगणाऱ्याने आधी आपली घागर दाखवावी.

राखणदाराची किल्ली गेली, देवाची स्नानसेवा गेली. पाऊस पडेपर्यंत टाक्यातले पाणी त्याला बंद झाले. रोज ओढ्यावरून कावडीने दोन घागरी आणाव्यात, एक कुंभारणीच्या रांजणात ओतावी आणि दुसरी स्वतः वापरावी, असा दंड पंचांनी ठरवला. वाटेत एखादी घागर फुटलीच, तर ती त्याची मानायची होती.